नऊ नंबरचा दाणा

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, मंद्रूपात घरी कुणी थांबत नाही. दहा वाजेपर्यंत गल्ल्या ओस पडतात आणि शाळूची रानं माणसांनी भरतात. यंदा आमच्या रानातही कडब्याची कोप उभी राहिली, पाच पांडव मांडून पूजा झाली, भज्जी-उंडे झाले, वर गार आंबील झालं. दुपारी शेजारच्या रानातून बोलावणं आलं तशी घरची मंडळी तिकडं गेली. कोपीच्या सावलीत मी आणि मामा उरलो. विजयपूरच्या हायवेवरून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चालले होते, त्यांची घरघर शाळूवरून ऐकू येत होती.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेली. पॅनमधला नमुना काचपट्टीवर घ्यायचा, उजेडात धरायचा आणि दाणा कसा धरलाय ते बघायचं, हे त्यांनी इतकी वर्षं केलं की आजही डब्यातली साखर आधी तळहातावर येते आणि मग चहात पडते. मी पुण्यात प्रथिनांच्या स्फटिकांवर संशोधन करते. मामा साखरेच्या स्फटिकाला दाणा म्हणतात आणि माझ्या स्फटिकालाही दाणाच म्हणतात. मला तो शब्द आवडतो, म्हणून इथंही तोच ठेवते.

मांडीवर लॅपटॉप होता, शेजारी लॅबची वही. शोधनिबंध पाठवायची तारीख जवळ आली होती.

"किती दाणे म्हणालीस?"

"सतरा, मामा. सतरांचा डेटा घेतलाय."

"आणि उत्तर?"

"उत्तर एकच. सगळ्यांची मोजमापं आधी एका मापावर आणायची, त्याला स्केलिंग म्हणतात. मग एकत्र करायची, ते मर्जिंग."

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सतरा कशाला पाहिजेत? एक चांगला दाणा घ्यावा आणि त्याचं नीट ऐकावं. साखरेची रचना काढली तेव्हा काय पोतं ओतलं होतं होय?"

पोतं ओतलं नव्हतं, हे खरं. सुक्रोजची रचना १९५२ साली क्ष-किरणांनी उलगडली. पण साखरेच्या दाण्यातली जी चौकट पुन्हा पुन्हा येते ती साधारण ११, ९ आणि ८ अँगस्ट्रॉमची असते आणि तिच्यात दोनच रेणू बसतात. दाणा कोरडा, टणक, वर्षानुवर्षं डब्यात राहणारा. माझ्या दाण्याचं तसं नाही. प्रथिनाच्या स्फटिकात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. रेणू हजारो अणूंचे, एकमेकांना जेमतेम टेकलेले. सुईनं टोचला तर दाणा फुटत नाही, दह्यासारखा दबतो. केसापेक्षा बारीक दोऱ्याच्या फासात तो उचलायचा, उणे १७३ अंशांच्या नायट्रोजनच्या झोतात गोठवायचा आणि किरणांपुढे धरून हळूहळू फिरवायचा. प्रत्येक कोनाला पडद्यावर ठिपके उमटतात. कुठला ठिपका किती ठळक, एवढंच आम्ही मोजतो. हजारो ठिपक्यांच्या त्या ठळकपणातून पुढे रेणूचा आकार निघतो.

"मग मोजा की. एका दाण्याचे सगळे ठिपके मोजा."

"सगळे मिळेपर्यंत तो जगत नाही, मामा. ज्या किरणांनी बघायचं तेच किरण त्याला मारतात. तोडलेला ऊस दोन दिवस फडात पडला तर काय होतं?"

"वाळतो. वजन जातं, उतारा जातो. साखरेची फोड होऊन ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं."

"तसंच. पहिल्या फोटोतला दाणा आणि शेवटच्या फोटोतला दाणा एकच राहत नाही. पडद्याच्या मध्याजवळचे ठिपके टिकतात, कडेचे आधी पुसट होतात. आणि बारीक तपशील असतो तो कडेच्याच ठिपक्यांत. म्हणून प्रत्येकाकडून थोडं थोडं घ्यायचं. एकाचे पहिले तीस अंश, दुसऱ्याचे पुढचे तीस."

हे मामांना पटलं. पण माणूस लॅबमधला, पटलं तरी तिथं थांबत नाही. त्यांनी विचारलं, हे सगळं परदेशातच चालतं का. मी सांगितलं, आपल्याकडंही चालतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सी. जी. सुरेश यांनी इंग्लंडमधल्या यॉर्कच्या गटाबरोबर पेनिसिलिन व्ही अॅसिलेजची रचना १९९९ साली प्रसिद्ध केली. पेनिसिलिन तोडणारं हे एंझाइम, नवी प्रतिजैविकं बनवायला लागणारं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एचआयव्हीच्या प्रोटिएजच्या स्फटिकांवर वर्षानुवर्षं काम झालं. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर प्रथिनांसाठी जी बीमलाईन आहे, तीही भाभा केंद्रानंच उभारली. माझ्या सतरातले बारा दाणे तिथलेच, दोन फेऱ्यांत मोजलेले. उरलेले पाच पुण्याच्या मशीनवर.

"म्हणजे दाणे वेगळे, दिवस वेगळे, मशीनही वेगळी," मामा बोटांवर मोजत म्हणाले. "आणि त्यांची बेरीज."

"बेरीज नाही. आधी स्केलिंग. आपल्याकडचे वजनकाटे घ्या."

काट्याचं नाव काढलं आणि मामा सरसावून बसले. उसाच्या पट्ट्यात काटामारी या शब्दाला किती राग चिकटलेला आहे ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. शेतकरी आधी खासगी काट्यावर ट्रॉली चढवतो, पावती खिशात ठेवतो, मग गव्हाणीकडं जातो. मी म्हणाले, "समजा तीन काटे आहेत आणि तिन्ही वेगळं वजन दाखवतात. खरा कुठला ते आपल्याला माहीत नाही. पण काही ट्रॉल्या पहिल्या आणि दुसऱ्या काट्यावर चढल्या, काही दुसऱ्या आणि तिसऱ्या. या सामाईक ट्रॉल्यांवरून तिन्ही काट्यांचं एकमेकांशी प्रमाण काढता येईल की नाही?"

"येईल. तीन काटे, दोन प्रमाणं. सामाईक ट्रॉल्या जेवढ्या जास्त तेवढी पक्की."

"आमची सामाईक ट्रॉली म्हणजे सामाईक ठिपका. स्फटिकाच्या सममितीमुळं एकच ठिपका वेगवेगळ्या कोनांत पुन्हा पुन्हा येतो, एका दाण्यातही आणि दुसऱ्या दाण्यातही. दाणा मोठा असला, झोत जोरात असला, तर सगळेच ठिपके ठळक येणार. तो फरक काट्याचा, मालाचा नव्हे. तो गुणक काढून टाकायचा. दाणा वाळत गेला असेल तर कडेच्या ठिपक्यांना आणखी एक दुरुस्ती. फोटोफिल्मच्या काळातही हेच करत. हॅमिल्टन, रोलेट आणि स्पार्क्स या तिघांनी याची गणिती रीत १९६५ साली बांधून दिली. आज कॉम्प्युटर ते काही मिनिटांत करतो, पण मुळातली गोष्ट तीच."

मामांनी मान हलवली. मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्याला माझ्याकडं सोपं उत्तर नव्हतं, आजही नाही.

"आणि तिन्ही काटे सारखेच मारत असतील तर?"

"तर?"

"तर प्रमाण बरोबर जुळेल. तिघांचं एकमत होईल. आणि शेतकऱ्याचं दोन टन जाईल ते जाईलच."

मी कबूल केलं. सगळ्या दाण्यांत एकच चूक असेल, समजा सगळे एकाच पद्धतीनं गोठवताना एकाच तऱ्हेनं वाकले असतील, तर कितीही दाणे एकत्र करा, ती चूक सरासरीत विरत नाही. उलट ठाम होते. चार मोजमापांनी चूक निम्मी होते, शंभरांनी दहावा भाग, हे फक्त त्या चुकीबद्दल खरं, जी कधी इकडं कधी तिकडं जाते. आमच्या आकड्यांत दिसतं ते एकमत. खरेपण दुसरीकडून तपासावं लागतं.

"मग मी म्हणतो ते काय चुकीचं आहे?" मामा म्हणाले. "सरासरीवर माझा विश्वास नाही. साखरेचा उतारा घे. एकानं ८६०३२ जातीचा ऊस लावला, वेळेवर पाणी दिलं, पक्व करून तोडला. दुसऱ्यानं २६५ लावला, वजनाला भारी, पण टोळी लवकर आली आणि कच्चाच गेला. गव्हाणीत दोन्ही एकत्र पडतात. रस एक, उतारा एक, उसाचा दर, एफआरपी, त्या सरासरी उताऱ्यावर. सव्वादहाच्या पुढच्या प्रत्येक पॉइंटाला पैसे, पण ज्याच्या उसानं तो पॉइंट आणला त्याचं नाव कुठं आहे? मी तासातासाला रसाचा नमुना काढून बादलीत टाकायचो आणि शिफ्टच्या शेवटी त्या बादलीचा पोल, म्हणजे साखरेचं प्रमाण, काढायचो. तो आकडा खरा होता. कुणाच्याच उसाचा नव्हता, तरी खरा होता."

हे शेवटचं वाक्य मी वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. माझ्या कामातली सगळ्यात मोठी भीती त्यांनी उसाच्या भाषेत मांडली होती.

पण मी गप्प बसायला तयार नव्हते. कारण एका दाण्याचा आग्रह धरला असता तर कितीतरी गोष्टी माणसाला कधी दिसल्याच नसत्या. अॅड्रिनलिन आपल्या पेशीवर ज्या ग्राहीला जाऊन बसतं, तो ग्राही आतल्या जी-प्रथिनाला धरून असतानाची रचना २०११ साली आली. ती वीस दाण्यांचा डेटा एकत्र करून आली, ३.२ अँगस्ट्रॉमपर्यंत. पुढच्याच वर्षी कोबिल्का आणि लेफ्कोविट्झ यांना या ग्राहींवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. त्याच २०११ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या क्ष-किरण लेसरवर प्रकाशसंश्लेषणाच्या एका प्रथिनाचे सूक्ष्म दाणे पाण्याच्या धारेतून सोडले. एकेका दाण्यावर एकच झोत पडतो आणि दाणा तिथंच नष्ट होतो. तीस लाखांवर फोटो घेतले, त्यातल्या उपयोगी फोटोंची सांगड घालून एक डेटासेट केला. तिथं एका दाण्याचं ऐकायचं म्हटलं तर तो एकच अक्षर बोलतो आणि संपतो.

"बरं," मामा म्हणाले, "पण एवढ्या दाण्यांत कुणाचं तोंड कुठं ते कसं कळतं?"

प्रश्न बारकाईचा होता. काही सममितींमध्ये जाळी वरून बघा की खालून, सारखीच दिसते. आतला रेणू मात्र सारखा नसतो. माझा दाणा त्याच जातीचा आहे. मी म्हणाले, "वाढं छाटलेली उसाची मोळी बाहेरून बघितली तर बुडखा कुठला नि शेंडा कुठला हे पटकन कळत नाही ना?"

"चाखून कळतं. बुडख्याकडं गोडी जास्त."

"तसंच चाखावं लागतं. प्रत्येक दाणा दोन्ही बाजूंनी धरून बघायचा आणि बाकीच्यांशी कुठल्या बाजूनं जुळतो ते तपासायचं. हे न करता मोळ्या उलट्यासुलट्या एकावर एक टाकल्या तर बुडखा आणि शेंडा यांची सरासरी निघते, आणि तसा ऊस जगात कुठं नसतो. शेकडो दाण्यांसाठी हे एकदम कसं करायचं ती रीत ब्रेम आणि डीडरिक्स यांनी २०१४ साली दिली."

मामांना हे आवडलं. आंबिलाचं मडकं त्यांनी जवळ ओढलं, मला वाटी दिली, स्वतः घेतली. शाळूवर पाखरं उतरायला लागली होती. लांबून कुणीतरी गोफणीचा आवाज काढला.

"सतराच्या सतरा घेतलेस?"

इथून पुढचं बोलणं मला अवघड गेलं. कारण मी सतरा घेतले नव्हते.

पहिल्यांदा घेतले होते. सगळे दाणे, काही न बघता, एकत्र केले. रेणूचा नकाशा आला तो बरा दिसत होता, पण माझ्या एंझाइमच्या खाचेवर जी एक साखळी झाकणासारखी असते तिथं धुरकट सावली होती. दोन महिने मी त्या सावलीत अणू बसवायचा प्रयत्न केला. बसेनात. मग सगळ्यात चांगला एकच दाणा घेतला, मामा म्हणतात तसा. चाळीस अंशांनंतर तो मेला होता. ठिपके अपुरे, नकाशा फाटका. मग हळूहळू निवड करत अकरावर आले. अकरांचा नकाशा स्वच्छ आहे. झाकण बंद दिसतं.

"सहा टाकलेस."

"सहा. चार नंबरवर बर्फाची वलयं होती. सातच्या फासात दोन दाणे एकमेकांना चिकटून आले होते. अकरा नंबर पहिल्या काही अंशांतच गेला. नऊ, तेरा आणि सोळा जुळेनात."

"जुळेनात म्हणजे?"

"मतभेद वाढत होता."

मतभेदाचा हा टक्का आमच्या धंद्यात फार जुना आहे. त्याला आरमर्ज म्हणतात. एकाच ठिपक्याची वेगवेगळी मोजमापं आपल्या सरासरीपासून किती लांब पडतात, त्याचा टक्का. तो कमी तेवढा डेटा चांगला, असं आमच्या आधीच्या पिढ्या शिकल्या आणि आम्हालाही तेच शिकवलं गेलं. त्यात एक खोट आहे, ती मी मामांना दाखवली. दोघांनी ट्रॉलीच्या वजनाचा अंदाज केला तर सरासरी त्या दोघांच्या मधोमध पडते, म्हणजे दोघंही तिच्या जवळ. वीस जणांनी केला तर सरासरी खऱ्या वजनाच्या जवळ सरकते, पण त्या वीसातला प्रत्येक जण तिच्यापासून आधीपेक्षा लांब दिसतो. म्हणजे साक्षीदार वाढले की उत्तर सुधारतं आणि मतभेदाचा टक्का मात्र बिघडतो. ज्यानं नुसत्या टक्क्याकडं बघितलं त्यानं चांगला डेटा फेकून दिला. डीडरिक्स आणि कार्प्लस यांनी १९९७ साली त्या टक्क्याला दुरुस्ती सुचवली, आणि २०१२ साली त्याच दोघांनी एक वेगळंच माप पुढे आणलं: सगळी मोजमापं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन ढिगांत वाटा, प्रत्येक ढिगाची वेगळी सरासरी काढा, आणि दोन सरासऱ्या एकमेकींशी किती जुळतात ते बघा.

"एकच नमुना दोन बाटल्यांत," मामा म्हणाले. "एक आमच्या लॅबला, एक बाहेरच्या."

"होय. त्यांनी दाखवून दिलं की कडेचे जे पुसट ठिपके लोक केराच्या टोपलीत टाकत होते, ते ठेवले तर रेणूची रचना जास्त नेमकी येते."

"आणि तू सोळा कशावरनं टाकलास? जुन्या मापावरनं का नव्या?"

मी वही उघडली. सोळाच्या पुढं माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: आरमर्ज वाढतो. बाकी काही नाही.

मामा रागावले नाहीत. ते तसे रागावत नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "पोरी, निवडून मग उत्तर बघितलंस, का उत्तर बघून मग निवडलंस?"

नऊ आणि तेरा मी नकाशा बघितल्यावर काढले होते, असं मी त्यांना खरं खरं सांगितलं. ते काढले की झाकण स्वच्छ दिसायला लागलं, म्हणून काढले. आणि ते सांगताना जाणवलं की निबंधात मी हे असं लिहिलेलं नाही. निबंधात एवढंच आहे की अकरा स्फटिकांचा डेटा एकत्र केला.

माझी बाजूही होती, ती मी मांडली. नऊ आणि तेरा यांच्या चौकटीचा उभा अक्ष बाकीच्यांपेक्षा एक टक्क्याहून थोडा जास्त आखूड आहे. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण क्रिक आणि मॅग्डॉफ यांनी १९५६ सालीच हिशेब मांडून ठेवला आहे: शंभर अँगस्ट्रॉमच्या चौकटीच्या तिन्ही बाजू अर्ध्या टक्क्यानं बदलल्या तरी तीन अँगस्ट्रॉमपर्यंतच्या ठिपक्यांचा ठळकपणा सरासरी पंधरा टक्क्यांनी बदलतो. एवढा बदल कुठल्याही गुणकानं भरून निघत नाही, कारण तिथं काटा वेगळा नाही, माल वेगळा आहे. असे दाणे मिसळायचे नसतात. नकाशा न बघता, नुसत्या चौकटीच्या मापावरून मी ते वेगळे काढू शकले असते. २०१३ सालापासून ब्लेंड नावाचा प्रोग्रॅम आहे, तो चौकटींच्या मापांवरून दाण्यांचे गट पाडून देतो. माझा निर्णय बरोबर होता, रस्ता चुकीचा होता.

"निर्णय बरोबर कशावरनं?" मामांनी लगेच धरलं. "वेगळे काढलेस ते बरोबर. टाकलेस ते का? माल वेगळा आहे म्हणायलीस. मग त्या मालाचा उतारा काढलास का?"

मी काढला नव्हता.

इथं मला पेरुट्झची आठवण झाली, आणि ती मी मामांना सांगितली, जरी ती माझ्याच विरुद्ध जात होती. हिमोग्लोबिनचा गुंता वर्षानुवर्षं सुटत नव्हता. १९५४ साली पेरुट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जातीच्या दाण्यात पारा बसवून दुसरा डेटा घेतला, दोन्ही डेटा एका मापावर आणले आणि त्यांच्यातला फरक बघितला. त्या फरकातून वाट सापडली. १९६० साली हिमोग्लोबिनचा आकार पहिल्यांदा दिसला आणि १९६२ साली केंड्रूबरोबर त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे स्केलिंग करायचं ते नुसतं एकमत करण्यासाठी नव्हे. काट्यांतला फरक पुसायचा, तो मालातला फरक दिसावा म्हणून. अलीकडं औषधांच्या शोधात शेकडो दाण्यांची सरासरी घेतात ती याचसाठी: रिकाम्या दाण्यांची सरासरी एकदा पक्की झाली की ती वजा करून एखाद्या दाण्यात औषधाचा रेणू बारीकसा बसलाय का ते दिसतं. ही पद्धत २०१७ साली आली.

"म्हणजे सरासरी पाहिजे," मामा म्हणाले, "पण वेगळा कोण ते ओळखायला."

"आणि वेगळा नसेल त्याला घट्ट धरायलाही, मामा. दोन्हीला."

यावर आमचं एकमत झालं नाही. मामांचं मन अजूनही एका दाण्याकडं ओढतं. त्यांना वाटतं की माणूस एकत्र करायला लागला की हळूहळू त्याला जुळणारंच दिसायला लागतं. मला वाटतं की एकट्या दाण्यावर विसंबणारा माणूस त्या दाण्याच्या मरणालाच त्याचा स्वभाव समजून बसतो. पण वहीत नेमकं काय लिहायचं, यावर वाद उरला नव्हता.

मी मागची पानं चाळली. नऊ आणि तेरा एकाच थेंबातून उचलले होते. त्या थेंबाच्या कप्प्यावर टेप नीट बसली नव्हती, अशी नोंद होती. थेंबातलं पाणी हळूहळू उडून गेलं असणार. पाणी कमी झालं की प्रथिनाचा दाणा आकसतो, रेणू जवळ येतात, कधी कधी एखादी सैल साखळी दुसऱ्या जागी जाऊन बसते. मी ते दोघंच एकत्र केले. लॅपटॉपचा पंखा जोरात फिरायला लागला. ठिपके अपुरे होते, नकाशात भोकं होती, त्यावरून निबंधात एक ओळही लिहिता येणार नाही. पण झाकणाच्या जागी धुरकट सावली नव्हती. साखळी बाहेरच्या बाजूला वळलेली दिसत होती, उघडी.

मामांना पडद्यावरच्या निळ्या जाळीतलं काही कळत नव्हतं, तरी ते वाकून बघत राहिले. त्यांनी बोटानं विचारलं, हे का? मी हो म्हणाले.

मग मी सोळा परत घेतला. त्याच्या चौकटीत काही खोट नव्हती, तो फक्त अशक्त होता. अकराचे बारा झाले. मतभेदाचा टक्का वाढला, आणि अगदी कडेच्या ठिपक्यांत दोन ढिगांचं जुळणं आधीपेक्षा सुधारलं.

मंडळी परत येत असल्याचा गलका ऐकू आला. मामांनी वही माझ्याकडं सरकवली आणि लॅबमध्ये ते जसं करायला लावत तसं करायला लावलं: काट मारलेलं खोडायचं नाही, पुढं कारण लिहायचं, तारीख टाकायची, सही करायची. चार, बर्फ. सात, दोन दाणे. अकरा, किरणांनी गेला. सोळा, चुकून वगळला होता, आज घेतला. नऊ आणि तेरा यांच्या पुढं मी अक्षाचं माप लिहिलं, थेंबाचा क्रमांक लिहिला, टेपची नोंद लिहिली, आणि मूळ फोटो कुठल्या डिस्कवर आहेत तेही लिहिलं, म्हणजे माझ्यानंतर कुणाला ते नव्यानं बघायचे असतील तर बघता यावेत.

"त्या थेंबात अजून दाणे आहेत का?" मामांनी विचारलं.

"दोन होते. आता किती राहिलेत ते पुण्याला गेल्यावर बघायचं."